जोडी मिळाली की कळवीन

शिवाजी नगर, भोपाळ
२० ऑक्टोबर २०२४

ती. अच्युतकाकांस,
अबोलीचा शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. बाबांच्या तेराव्यानंतर आपली भेट नाही. मध्यंतरी मी दोनदा फोन केला होता, पण तुम्हाला ऐकू गेलं नाही आणि ओरडून बोलायचा मला संकोच वाटला. (दोनदा नाही. दुसऱ्यांदा रिंग वाजायच्या आतच मी ठेवला होता. म्हणजे एकदाच.) आजोबांनी आपल्याला लावलेली शिस्त तुम्हाला ठाऊक आहेच, पत्रात खोटी ओळ लिहायची नाही. म्हणून लगेच दुरुस्त केलं.

आता मुद्द्याचं. आमची सरकारी क्वार्टर्स पाडणार आहेत. आजोबा नागपूरहून कचेरीच्या दफ्तराबरोबर भोपाळला आले तेव्हापासूनचं हे घर जानेवारीअखेर सोडायचं आहे. बाबांच्या जागी मला नोकरी मिळाली म्हणून मला नवीन इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट दिलाय. तिथे खाली फक्त दुचाकी ठेवता येते. आणि मागच्या अंगणात बाबांची मॅटाडोर उभी आहे. बाबांचं दुखणं सुरू झाल्यापासून ती हललेली नाही.

परीक्षितदादा पुण्याहून सांगतो की भंगारात दे. आई त्याच्या जुळ्यांमागे इतकी दमते की दादा म्हणेल ते तिला पटतं. मीही हो म्हटलं. भंगारवाला आला, त्याने लोखंडी कांबीने गाडीच्या पोटावर ठकठक करून पत्रा किती जाड आहे ते पाहिलं. मला ते बघवेना. कागद सापडत नाहीत असं सांगून मी त्याला परत पाठवलं. कागद कपाटात आहेत. बाबांनी नोंदणीही पुढच्या सालापर्यंतची करून ठेवली होती.

नाट्यमंडळाचे पडदे बाबा ह्याच गाडीतून नेत, म्हणून शेजारी तिला पडदेवाली म्हणायचे. टपाला आतून अजून निळा रंग लागलेला आहे. आणि मे महिन्यात आम्ही सगळे त्याच गाडीतून बैतूलला तुमच्याकडे यायचो.

विचारायचं ते हे. गाडी चालती झाली तर ती तुमच्या अंगणात, शेडखाली उभी राहू शकेल का? गोविंदपुऱ्याचे हमीदभाई मिस्त्री काम करायला तयार आहेत, पण त्यांचं म्हणणं, बसवून मी देतो, पार्ट तुम्ही आणा, ह्या गाडीचे पार्ट आता येत नाहीत. तुम्ही कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होता, तुम्हाला जुनी दुकानं माहीत असतील असं वाटलं. अडचण असेल तर मोकळेपणाने नाही म्हणावं. मला वाईट वाटणार नाही. (थोडं वाटेल.)

कळावे. इतक्या दिवसांनी लिहिते आहे, तरी लोभ पूर्वीचाच धरून चालते.

तुमची,
अबोली


बैतूल
२७ ऑक्टोबर

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या आजोबांनी ती शिस्त लावली खरी, पण कंस करून दुरुस्त्या करायला नव्हतं शिकवलं. तो तुझा स्वतःचा शोध दिसतो.

शेडखाली जागा आहे. तुझी काकू सुमित्रा होती तोवर तिथे पापड वाळायचे. आता माझी सायकल उभी असते, ती सरकवीन. हा प्रश्न विचारायला दोन पानं लागली तुला. भोपाळच्या कचेरीत अर्ज असेच लिहितात का?

फोन करू नकोस. कानाचं मशीन आहे, पण फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं. तसंही घरात मी ते काढूनच ठेवतो. ऐकण्यासारखं काही नाही, बॅटरी वाचते.

आता कामाचं. जुन्या गाडीचा पार्ट तोंडी मागायचा नसतो. नमुना दाखवायचा. दुकानदार नाव ऐकून नाही म्हणतो आणि वस्तू हातात घेतली की आत जाऊन डबे उघडायला लागतो. तेव्हा हमीद जे जे काढेल ते ते फेकू नकोस. पुसून, कागदात गुंडाळून मला पाठव. मोडका असला तरी चालेल. नमुन्याशिवाय मी दारात उभा राहणार नाही, तूही राहू नकोस.

पाठवायचं पिंटूकडे. बैतूलच्या बसचा कंडक्टर आहे, भोपाळच्या बसस्टँडवर दुपारी असतो. त्याचा एक कायदा आहे, डबा असेल तर त्यासोबत चिठ्ठी नेईल, नुसती चिठ्ठी नेणार नाही. चिठ्ठीसाठी डाकघर आहे, बस सामानासाठी आहे, असं तो सगळ्यांना ऐकवतो. सोबत मागच्या दिव्याची लाल काच पाठवतो आहे. माझ्याकडे पडून होती. नमुन्याशिवाय पाठवलेली ही पहिली आणि शेवटची वस्तू.

दिवाळीला एकटी आहेस का? लिहिलं नाहीस म्हणून विचारतो.

कळावे. माया आहे तिथेच आहे, ती तपासायला पाना-पक्कड लागत नाही.

तुझा,
अच्युतकाका


शिवाजी नगर, भोपाळ
१७ नोव्हेंबर

ती. अच्युतकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

लाल काच बरोब्बर बसली. बाबांनी तुटलेल्या काचेवर लाल कागद चिकटवला होता, तो काढताना मला उगीच अपराधी वाटलं. कागद वहीत ठेवलाय. तोही नमुनाच.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे रेडिएटरचा फुगलेला नळ घेऊन मी इथल्या जुन्या बाजारात गेले. पहिल्या दुकानात मी आधी तोंडी विचारलं. (सवय नाही.) दुकानदाराने मान वर न करता नाही म्हटलं. मग पिशवीतून नळ काढला तर त्याने तो हुंगला आणि म्हणाला, अरे, ये तो मॅटाडोर का है, पहले बोलतीं ना. मी तेच तर बोलले होते. मागे लाकडी माळ्यावर चढून त्याने धुळीतून नवा नळ काढून दिला. घरी येईपर्यंत मी तो पिशवीत चाचपडून पाहत होते.

तुमच्याकडून काचेभोवतीचं रबर आणि अॅक्सिलरेटरची केबलही पोचली. हमीदभाई म्हणतात, तुम्हारे चाचा की दुकान है क्या. मी सांगितलं, नाही, ओळखी आहेत.

दिवाळीला एकटीच होते. लिहिलं नव्हतं कारण खरं लिहायचं तर तेच लिहावं लागलं असतं. आई येणार होती, पण जुळ्यांना ताप आला. आमच्या ओळीतली घरं रिकामी व्हायला लागली आहेत. आधी तिवारी गेले, मग कोपऱ्यावरच्या देशपांडेकाकू. त्या जाताना तुळशीची कुंडी माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या. दूधवाला आता ह्या गल्लीत फक्त माझ्यासाठी वळतो, आणि मला त्याची इतकी लाज वाटते की मी गरज नसताना जास्त दूध घेते.

टी. टी. नगरच्या आमच्या ऑफिसात सगळे चांगले आहेत, पण तिथे दिवसभर हिंदी. आईचा फोन रविवारी, तोही घाईत. मराठी बोलायला उरली ती गाडी. संध्याकाळी तिच्या सीटवर बसून मी तिला हमीदभाईंनी काय काय केलं ते सांगते. हसू नका.

एक वाईट बातमी आहे. हमीदभाईंनी मागची चाकं उघडली. ब्रेकचे व्हील सिलिंडर दोन्ही गेलेत. एक गळतोय, दुसरा आतून जाम झालाय. मला नीट समजावं म्हणून त्यांनी पेडल दाबून दाखवलं. पेडल दाबलं की तेल ह्या सिलिंडरात येतं आणि तो ब्रेकला चाकावर ढकलतो, एवढं मला कळलं. गोविंदपुऱ्यातला लेथवाला म्हणतो, आतून घासून नवी नळी बसवून देतो. तसं करू का? बाकी गाडी जवळजवळ झाली आहे. हेच तेवढं उरलं. ते झालं की मग काय लिहायचं, असं उगीचच मनात येऊन गेलं.

कळावे. तुमच्या लोभावर गाडी इथवर आली आहे, पुढेही त्याच्यावरच चालायची आहे.

अबोली


बैतूल
१ डिसेंबर

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

लेथवाल्याला नमस्कार सांग आणि त्याच्या दारातून परत फिर. ब्रेकमध्ये जुगाड नाही. बाकी कुठेही तार बांध, कागद चिकटव, तुझा बाप तेच करायचा. ब्रेक सोडून.

दुसरं असं की ब्रेकचं काम कधीही एका बाजूचं करायचं नाही. डावं नवं आणि उजवं जुनं असं केलंस तर पेडल दाबताच गाडी एका अंगाला ओढते, ओल्या रस्त्यावर गरकन फिरते. दोन्ही सिलिंडर एकदम बदलायचे, एकाच मापाचे. एक मिळाला म्हणून नाचायचं नाही. एक म्हणजे काहीच नाही. जोडी हवी. वर्कशॉपमध्ये माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे इतक्या वेळा ऐकवलं होतं की मी दिसलो की ते जोडी आली म्हणायचे. मला वाटायचं माझ्या आणि तुझ्या काकूच्या लग्नाबद्दल बोलतात.

आता खरी अडचण. ह्या गाडीत दोन मापांचे सिलिंडर येत. तू पाठवलेले दोन्ही जुने मी डिझेलमध्ये भिजवून घासले, पण वरचा नंबर गंजाने खाल्लाय आणि आतला व्यासही धड मोजता येत नाही. म्हणजे नमुना असून नसल्यासारखा. इथे सगळ्यांना विचारलं. पुढच्या आठवड्यात परतवाड्याला जाऊन येतो. तिथे एक जुना दुकानदार दुकान मुलाच्या हवाली करून मोकळा होणार आहे.

गाडीशी बोलतेस ह्याचं हसू आलं नाही. मी सायकलशी बोलतो. फरक एवढाच की ती काय म्हणते ते मला ऐकू येत नाही.

गाडी झाली की काय लिहायचं हा प्रश्न मलाही पडला होता. पण तू विचारलास म्हणून मी विचारत नाही.

रिकाम्या गल्लीत राहतेस. दाराची कडी पाहून घे. सैल असेल तर तिचा नमुना पाठव.

कळावे. माझ्याकडून लोभ गळत नाही, वायसर नवं आहे.

अच्युतकाका


शिवाजी नगर, भोपाळ
१५ डिसेंबर

ती. अच्युतकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

कडी घट्ट आहे. तरी झोपताना मी उठून पुन्हा पाहते, ती सवय आहे, कडीचा दोष नाही.

थंडी पडली आहे. आता आमच्या ओळीत माझ्याशिवाय कोणी नाही. रिकाम्या घरांच्या खिडक्या लोक चौकटीसकट काढून नेतात. काल ऑफिसातून आले तर देशपांडेकाकूंच्या घराला दार नव्हतं. मी पटकन नजर वळवली, कोणी कपडे बदलताना दिसल्यासारखं झालं. दूधवाल्याने पुढच्या महिन्यापासून येणं जमणार नाही म्हणून सांगितलं. त्याचा काही दोष नाही.

दादाचा फोन आला होता. जानेवारीअखेर गाडी अंगणात राहिली तर पाडकाम करणारे ती मलब्याबरोबर उचलतील, आणि मग भंगाराचेही पैसे येणार नाहीत, असं तो म्हणाला. बरोबरच आहे त्याचं. मी सांगितलं की काकांची मदत आहे. तो म्हणाला, काकांना ऐकू येत नाही आणि तुला बोलता येत नाही, तुमचं जमतं कसं?

मी सिलिंडरसाठी फिरते आहे. गोविंदपुऱ्यात एक दुकान कायमचं बंद होतंय, तिथेही जाऊन आले. मालकाने सगळे डबे उलटे करून दाखवले. जोडी मिळाली नाही. हे वाक्य मी पुन्हा वाचून पाहिलं, ते खरं आहे.

परतवाड्याचं काय झालं? घाई नाही. म्हणजे घाई आहे, पण तुम्ही थंडीत प्रवास करू नये. तुमच्या पत्राची वाट पाहते. पार्टची पण पाहते.

सोबत कडी नाही, पण डबा रिकामा जाऊ नये म्हणून मेथीचे लाडू आहेत. पिंटूभैयांनी डबा हलवून पाहिला आणि म्हणाले, इसमें तो पुर्जा नहीं है. मी म्हटलं, खायचा आहे.

कळावे. माझ्याकडून काही चुकलं तरी लोभातून काही कापून घेऊ नये, ही विनंती.

अबोली


बैतूल
२६ डिसेंबर

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

लाडू कडू होते, म्हणजे चांगले होते. तुझी काकू असेच करायची. दोन खाल्ले आणि मग मशीन लावून बसलो. का ते माहीत नाही.

परतवाड्याला गेलो होतो. दुकानदार माझ्याहून म्हातारा. त्याला दिसत नाही, मला ऐकू येत नाही, त्यामुळे सौदा फार शांतपणे झाला. त्याने बोटांनी चाचपून डब्यांमागून डबे काढले. बराच वेळ बसलो. चहा झाला. जोडी नाही म्हणाला. जोडी नसेल तर नाहीच म्हणायचं असतं, हे मी तुला लिहिलंच आहे. जोडी मिळाली की कळवीन.

सोबत वायपरच्या दोन काड्या पाठवतो. ह्या तू मागितल्या नव्हत्या. दरवाजाच्या आतल्या हँडलचा नमुना पाठव, तो सैल असेल. तुझ्या बापाच्या गाडीत तो कायम सैल असायचा.

तुझा दादा बरोबर बोलतो. पण त्याला सांग, ऐकू न येणारा आणि बोलता न येणारी असे दोघे असले की भांडण होत नाही.

दूध कुठून आणणार आता?

कळावे. लोभाचा डबा भरलेला आहे असं समजून राहावं.

अच्युतकाका


शिवाजी नगर, भोपाळ
१२ जानेवारी २०२५

ती. अच्युतकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा संक्रांत. तिळगूळ वेळेवर पोचावा म्हणून आजच बसवर देते आहे. डब्यात तिळगुळाच्या खाली ग्रीसच्या कागदात गुंडाळलेली एक वस्तू आहे. ती पाहून मग पुढचं वाचावं.

तो नवा व्हील सिलिंडर आहे. गोविंदपुऱ्याच्या बंद होणाऱ्या दुकानात मिळाला. एकच होता. मी तेव्हा लिहिलं, जोडी मिळाली नाही. वाक्य खरं होतं, पण मी ते ज्यासाठी लिहिलं ते बरं नव्हतं. एक मिळाला म्हणून कळवलं असतं तर तुम्ही नंबर पाहून दुसरा कुठूनतरी लगेच आणला असता. गाडी झाली असती. मग डबे थांबले असते.

तो मी कपाटात साड्यांच्या मागे ठेवला होता. रोज संध्याकाळी गाडीत बसायचे, पण तिच्याशी बोलायचं मला जमेना. शेवटी ब्रेक तिचेच आहेत.

काल पाडकामाचं यंत्र आलं. पलीकडच्या ओळीपासून सुरुवात केली आहे. आवाजाने माझ्या ओट्यावरची तुळस हलते. आता मात्र मी घाबरले. ह्याच्यावर नंबर स्पष्ट आहे. नमुना म्हणून पाठवते. ह्याचा जोडीदार कुठे असेल तर तुम्हालाच सापडेल. नाही सापडला तरी तुम्ही स्वतःला बोल लावू नये. उशीर माझ्यामुळे झाला.

तिळगूळ घ्या. पुढचं नेहमीचं वाक्य मी कोणत्या तोंडाने लिहू?

कळावे. लोभ ठेवावा की कमी करावा, हे ह्या वेळी तुमच्यावर सोडते.

अबोली


बैतूल
१२ जानेवारी

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

संक्रांतीचा तिळगूळ आजच पाठवतो. शेजारच्या कमलिनीबाईंनी करून दिला. मला पाक जमत नाही. पिशवीत खाली एक जड वस्तू आहे, पायावर पाडून घेऊ नकोस.

परतवाड्याला जोडी नव्हती. एक होता. तो मी आणला आणि आणल्याचं लिहिलं नाही. थोडे दिवस झाले त्याला. किती ते विचारू नकोस, तू दुरुस्त करून सांगशील.

कारण सरळ आहे. पाठवला असता तर नमुना घेऊन तू भोपाळ पालथं घालून दुसरा आणलाच असतास, तुझी चिकाटी मला कळली आहे. मग गाडी इथे येऊन उभी राहिली असती आणि तू चौथ्या मजल्यावर. वायपरच्या काड्या मी उगीच पाठवल्या हे तुझ्या लक्षात आलं असेल. दरवाजाचं हँडलही तेच. सुमित्रा गेल्यापासून माझ्या नावाने ह्या घरी काही येत नव्हतं, विजेचं बिल सोडून.

पण ही तुझ्या घराची गोष्ट आहे, माझ्या करमणुकीची नाही. काल कॅलेंडर पाहिलं आणि माझी मला शरम वाटली. सिलिंडर घे, ह्याच्यावर नंबर आहे. तो दाखवून इथून-तिथून ह्याचा जोडीदार शोध. लवकर.

तिळगूळ घे, आणि बोल. गोड नसलं तरी बोल.

कळावे. म्हाताऱ्याचा लोभ आहे, थोडा आपमतलबी निघाला.

अच्युतकाका


बैतूल
१४ जानेवारी

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा डबा पोचला. तिळगुळाखालची वस्तू काढली, पत्र वाचलं, आणि मग इतक्या मोठ्याने हसलो की भिंतीपलीकडून कमलिनीबाई पळत आल्या. त्यांना वाटलं मला काही झालं. मी त्यांना समजावून सांगू लागलो, पण त्यांना व्हील सिलिंडर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं आणि मला त्या काय विचारतात ते ऐकू येत नव्हतं.

म्हणजे आता तुझा माझ्याकडे आणि माझा तुझ्याकडे. पिंटूची बस चुकली म्हणून माझी पिशवी दुसऱ्या बसने गेली होती, तेव्हा तुझा डबा आणि ती रस्त्यात एकमेकांना ओलांडून गेले असतील, बहुतेक नर्मदेच्या पुलावर. परत एकेकच. तुझ्यावरचा नंबर मी पाहिला. माझ्यावरचा मला पाठ आहे. तोच.

आता तू काही पाठवू नकोस. मीही पाठवत नाही. तू माझा पाठवशील आणि मी तुझा, एवढी बुद्धी आपल्या घराण्यात आहे. ह्या वस्तू एका जागी आणायच्या तर कोणीतरी एकाने आपल्या वस्तूबरोबर चालत गेलं पाहिजे. शनिवारच्या बसने मी येतो. सुमित्रा गेल्यापासून बैतूलबाहेर मुक्काम केलेला नाही आणि स्टँडवर कोण काय ओरडतं ते मला कळत नाही, तेव्हा खाली उभी राहा. हमीदला रविवारी सकाळी बोलावून ठेव. गादी नको, सतरंजी चालते. येऊ का असं मी विचारायला हवं होतं इतके दिवस, आणि या असं तू लिहायला हवं होतंस. दोघांचं चुकलं, हिशोब बरोबर.

सोबत एक नट आहे. त्याचा काही उपयोग नाही. पिंटू नुसती चिठ्ठी घेत नाही म्हणून.

कळावे. लोभाचं प्रत्यक्ष आल्यावर बोलू, म्हणजे तू लिहून दाखव.

अच्युतकाका


भोपाळ (नवा पत्ता पाठीमागे लिहिला आहे)
२ फेब्रुवारी

ती. अच्युतकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

फ्लॅटमध्ये येऊन सहा रात्री झाल्या. (आजची धरून. ती अजून व्हायची आहे. म्हणजे पाच.) वर वारा खूप असतो. तुळस बाल्कनीत ठेवली आहे, तिला जपावं लागेल. परवा ऑफिसातून मी सवयीने शिवाजी नगरला वळले. आपली ओळ सपाट झाली आहे. अंगण कुठे होतं ते मला ठरवता येईना, मग जमिनीवर डिझेलचा काळा डाग दिसला. त्यावरून कळलं. थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

गाडी तिथे नव्हती एवढं एक बरं होतं.

तुमच्यासमोर बोलायचं राहिलं ते लिहिते. गाडी बैतूलला नेताना बुधनीच्या उतारावर तुम्ही स्टिअरिंग माझ्या हातात दिलंत आणि ब्रेक दाब म्हणालात. मी घाबरत दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली, जराही कुठे ओढली गेली नाही. तुम्ही समोर पाहत जोडी आली असं म्हणालात, आणि मला खिडकीबाहेर पाहावं लागलं. आणखी एक. इंजिनाचा एवढा आवाज होता की माझेही कान दुखत होते. तुम्ही मशीन काढा म्हणून मी खुणेने सांगितलं. तुम्ही मान हलवलीत आणि बैतूल येईपर्यंत ते लावूनच बसलात. मी फारसं काही बोललेही नव्हते. पुढच्या वेळी बोलेन.

मला परत बसमध्ये बसवताना तुम्ही म्हणालात की आता गाडीत एकही पार्ट कमी नाही, तेव्हा काही न आणता ये. त्यावर मी पूर्ण आठवडा विचार केला. मला रिकाम्या हाताने कुणाकडे जायची सवय नाही. आईने तसं शिकवलेलं नाही.

पण ह्या पत्रासोबत डबा नाही. नटसुद्धा नाही, तो मी माझ्याजवळ ठेवला आहे. पिंटूभैया कायद्याचे पक्के, म्हणून काल आधीच स्टँडवर जाऊन विचारून आले, ह्या वेळी सामान काही नाही, नुसतं पत्र आहे, न्याल का. मला वाटलं डाकघर दाखवतील.  पण ते म्हणाले की दे दीजिए, तुमचे काका रोज संध्याकाळी बस लागली की येऊन उभे राहतात आणि विचारतात, भोपाळहून काही आलं का. काय यायचंय ते सांगत नाहीत. गाडी तर केव्हाच नेली, मग आता कसला पुर्जा राहिला, असं त्यांनी मलाच विचारलं.



येत्या शनिवारच्या बसने येते आहे. सोबत काही नाही. तुम्ही स्टँडवर याल तेव्हा पिंटूभैयांना विचारू नये, दाराकडे पाहावं. आणि मशीन लावून यावं.

कळावे. लोभ आता पाठवायचा नाही, मी येऊन घेते.

तुमची,
अबोली